नावं आपली, क्रियापद फोटोचं

आवाज पोचतोय ना सगळ्यांपर्यंत? बरं.

या मालेत मागे मी शब्दप्रामाण्यावर बोललो होतो. त्यामुळे या वेळी ‘मीमवरच्या कॅप्शन’ असा विषय कळवल्यावर संयोजकांनी फोन करून विचारलं, ‘सर, हे तुम्हीच पाठवलंय ना, की नातवाने?’ मीच पाठवलं. एका विशिष्ट प्रकारच्या कॅप्शनांची मला समीक्षा करायची आहे, आणि ती गंभीरपणे करायची आहे, जशी आपण एखाद्या प्रहसनाची करू. दुसरं कारण असं की मी स्वतः अशी एक कॅप्शन लिहिली होती. ती लोकांना फार आवडली, आणि ती चूक होती. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, त्याकडे शेवटी येऊ.

फोटो घ्या जरा पडद्यावर. हा. तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असणार. जे नुसतं ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो. रस्ता आहे. मधोमध चौकटीचा शर्ट घातलेला एक तरुण. त्याच्या बाजूला, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, त्याची मैत्रीण. दोघं बरोबर चालली आहेत. आपल्या डाव्या हाताला, अगदी पुढे, लाल कपड्यांतली दुसरी एक मुलगी आत्ताच त्यांच्या जवळून गेलेली आहे. तरुणाने मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघितलंय, ओठांचा चंबू केलाय. आणि मैत्रीण त्याच्याकडे बघतेय. तिचा चेहरा बघा. राग आहे, पण रागाच्या आधीचं जे असतं, ‘हे खरंच होतंय का?’, तेही आहे.

इंग्रजीत या मीमला ‘डिस्ट्रॅक्टेड बॉयफ्रेंड’ म्हणतात. आपण ‘वळून बघणारा’ म्हणू. अँटोनिओ गिलेम नावाच्या स्पॅनिश छायाचित्रकाराने 2015 साली कॅटलोनियातल्या जिरोना गावात तो काढला. तिघंही मॉडेल आहेत, अभिनय करतायत. हा स्टॉक फोटो आहे, म्हणजे कुणीही पैसे देऊन विकत घ्यावा आणि मासिकात, जाहिरातीत वापरावा म्हणून तयार करून ठेवलेला. रेडिमेड कपड्यासारखा. कुणाच्याही मापाचा नाही, म्हणून सगळ्यांना होणारा.

आता एक गमतीची गोष्ट. विक्रीला ठेवताना या फोटोलाही एक मथळा होता. मैत्रिणीबरोबर चाललेला बेइमान माणूस दुसऱ्या मुलीकडे बघतो, अशा आशयाचा. त्यात कर्ता होता, क्रियापद होतं, आणि ‘बेइमान’ हे विशेषण होतं. म्हणजे निकाल लावून टाकलेला होता. मीम करणाऱ्यांनी काय केलं? तो मथळा काढून टाकला आणि तिघांच्या अंगावर तीन नामं चिकटवली. फक्त नामं. ‘मी’, ‘हे’, ‘ते’. वाक्य नाही, क्रियापद नाही, विशेषण तर नाहीच. पण ‘बघतो’ आणि ‘बेइमान’ हे दोन्ही शब्द गेले का? नाही गेले. ते त्या माणसाच्या मानेत आणि त्या मुलीच्या चेहऱ्यात शिल्लक राहिले. माझं आजचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे. ही कॅप्शन लिहिणारा नावं लिहितो, क्रियापद फोटोच्या मालकीचं असतं.

रोलाँ बार्थने 1964 च्या एका प्रसिद्ध निबंधात पास्त्याची एक जाहिरात समोर ठेवून चित्र आणि शब्द यांच्या नात्याचा विचार केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की चित्राचे अर्थ तरंगत असतात, आणि खालचा मजकूर नांगर टाकून त्यांतला एक अर्थ पक्का करतो. वर्तमानपत्रातल्या फोटोला हे चपखल लागू पडतं. मंत्री हात वर करून उभे आहेत. अभिवादन करतायत की पंखा बंद करा म्हणतायत, ते फोटोखालची ओळ सांगते. आपल्या मीममध्ये मात्र हे उलटं होतं. शब्द तरंगत असतात आणि चित्र नांगर टाकतं. ‘समाजवाद’, ‘भांडवलशाही’, ‘तरुण पिढी’ हे तीन शब्द कागदावर लिहून दिले तर त्यांतून शंभर वाक्यं होतील. फोटोवर ठेवले की एकच होतं. ऑगस्ट 2017 मध्ये इंग्रजीत जी लाट आली, तिच्यातली ही एक गाजलेली कॅप्शन: मधला तरुण म्हणजे तरुण पिढी, लाल कपड्यांतली म्हणजे समाजवाद, हातातला हात म्हणजे भांडवलशाही. ज्याने लिहिली त्याने एकही विधान केलेलं नाही. विधान मात्र झालेलं आहे.

त्याच्या सहा-सात महिने आधी, 2017 च्या जानेवारीत, एका तुर्की फेसबुक गटावर हा फोटो मीम म्हणून वापरला गेला. या फोटोचा सापडलेला पहिला मीम-वापर तो. गट प्रोग्रेसिव्ह रॉक संगीताच्या भक्तांचा. मधला माणूस फिल कॉलिन्स, उजवीकडे प्रोग्रेसिव्ह रॉक, डावीकडे पॉप. जेनेसिस या बँडचा हा ड्रमवादक, पुढे 1975 मध्ये पीटर गेब्रियल बाहेर पडल्यावर गायकही झाला, आणि नंतर पॉपमध्ये गेला आणि जगभर गाजला. जुन्या भक्तांना ती फितुरी वाटली. आपल्याकडे नाट्यसंगीत सोडून सिनेमात गेलेल्यांबद्दल जुनी मंडळी जशी बोलायची, तोच सूर. लक्षात ठेवा, पहिल्याच कॅप्शनमध्ये मधल्या जागी एका खऱ्या माणसाचं नाव होतं. आरोप होता. ‘मी’ तिथे नंतर आला.

आता चांगली कॅप्शन कुठली आणि वाईट कुठली? हे ‘आपल्या आवडीवर’ आहे असं कुणी म्हणालं तर माझा रक्तदाब वाढतो. आपल्याकडे रूपकाची इतकी बारीक चर्चा झालेली आहे, ती कधी वापरायची?

हे सांगरूपक आहे. नुसतं ‘मुखचंद्र’ नव्हे, तर अंगांसकट रूपक. एक अंग दुसऱ्याला जोडलं तर बाकीची अंगंही जुळली पाहिजेत. इथे अंगं तीन दिसतात, पण संबंध मोजा. तरुण डावीकडे बघतो, हा एक. मैत्रीण तरुणाकडे बघते, हा दुसरा. त्यांचा हात हातात आहे, म्हणजे जुनी बांधिलकी आहे, हा तिसरा. आणि चौथा, जो लोक विसरतात: लाल कपड्यांतल्या मुलीला यातलं काही माहीतच नाही. ती आपल्या वाटेने चाललेली आहे. बऱ्याचशा कॅप्शन पहिल्या संबंधावर संपतात. ‘मुलं, मोबाईल, अभ्यास.’ बरोबर आहे, पुढे काय? अभ्यासाला काय वाटतं? काहीच नाही. अभ्यास कधी असा तोंड उघडं टाकून बघत नाही. म्हणजे उजवीकडचा तो विलक्षण चेहरा फुकट गेला.

हीच कॅप्शन मी परवा घरी सुधारून बघितली. मध्ये ‘मुलगा’, डावीकडे ‘मोबाईल’, उजवीकडे ‘आईने सोलून ठेवलेली डाळिंबाची वाटी’. आता बघा. डाळिंब सोलायला किती वेळ लागतो हे ज्याने सोललंय त्याला ठाऊक आहे. बोटं काळी होतात. त्या वाटीकडे मुलाने ढुंकून बघितलं नाही की त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा भाव वाटीवर येतो, आणि वाटीमागे आई उभी राहते. तिचं नाव लेबलात आहे, पण चित्रात ती नाही. ती आपण आणली. यालाच मी कॅप्शन म्हणतो.

अजून एक तांत्रिक मुद्दा, छायाचित्र जाणणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्या नजरेस आणलेला. लाल कपड्यांतली मुलगी अस्पष्ट आहे. कॅमेऱ्याचा फोकस तिच्यावर नाहीच, तो मागच्या दोघांवर आहे. मोह धूसर आणि बांधिलकी स्पष्ट. म्हणून डावीकडचं लेबल ढोबळ चालतं, ‘झोप’, ‘पैसा’, ‘वडापाव’. उजवीकडचं मात्र नेमकं लागतं. शिवाय आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा उजवीकडचं शेवटी हाती येतं. विनोदाचा झटका तिथे बसायला हवा. याचा उत्तम नमुना ऑगस्ट 2017 चाच. अमेरिकेत 21 ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण होतं. कॅप्शन अशी: डावीकडे ‘सूर्यग्रहण’, मध्ये ‘मी’, आणि उजवीकडे सूर्याकडे टक लावून बघण्याचे धोके दाखवणारे शास्त्रीय पुरावे. हे उजवं लेबल मुद्दाम लांबलचक, शोधनिबंधाच्या भाषेत. आणि मजा बघा, इथे ‘बघणे’ हे क्रियापद दोन्ही अर्थांनी खरं आहे. तो मुलीकडे जसा बघतो तसाच ग्रहणाकडे अक्षरशः बघणार आहे. श्लेष आहे हा, आणि तो न लिहिलेल्या शब्दावर आहे. न लिहिलेल्या शब्दावर श्लेष करायचा ही काही लहान गोष्ट नव्हे.

मराठीत लिहिताना एक वेगळी अडचण येते. आपल्या नामांना लिंग आहे. ‘समाजवाद’ पुल्लिंगी, त्याला लाल झगा घातला की किंचित खटकतं. ‘भांडवलशाही’ स्त्रीलिंगी, ती शोभते. इंग्रजीला हा त्रास नाही. भामहाने उपमेचे दोष सांगताना लिंगभेद आणि वचनभेद हे दोष मोजले. दंडी जास्त मोकळा. तो म्हणतो, जाणत्यांना खटकत नसेल तर दोष नाही. मी दंडीच्या बाजूचा आहे. पण लिहून बघा, ‘नोकरी’ आणि ‘शेती’ अशी दोन लेबलं जितकी अलगद बसतात, तितकी ‘पगार’ आणि ‘शेत’ बसत नाहीत. कान ऐकतो ते.

आणि एक प्रकार सरळ बाद करू या. ‘नवरा, शेजारीण, बायको.’ चित्रात जे आहे तेच पुन्हा लिहिलंय. हे रूपक नाही, हे फोटोचं आधार कार्ड आहे.

(हशा)

असो. आता मूळ मुद्द्याकडे, त्या क्रियापदाकडे.

घरात आजी बसलेली आहे, कुणीतरी बाहेरून आलं, दार उघडंच टाकलं. आजी एवढंच म्हणते, ‘अरे, दार!’ आपण जाऊन दार लावतो. ‘लाव’ हा शब्द ती बोललेली नाही. मग तो अर्थ आला कुठून? यावर आपल्या मीमांसकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे. याला अध्याहार म्हणतात, न बोललेलं भरून घेणं. कुमारिल भट्टाचा पक्ष म्हणतो की शब्दाचाच अध्याहार होतो. ‘लाव’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय वाक्यार्थ पुरा होत नाही. प्रभाकराचा पक्ष म्हणतो, शब्द कशाला हवा, अर्थाचाच अध्याहार होतो. परीक्षेला हा प्रश्न आला की मुलं तोंडपाठ लिहायची आणि निकालानंतर विसरायची. मलाही तीस वर्षं तो शिकवून कधी जिवंत वाटला नव्हता. या फोटोने तो जिवंत केला.

कारण असं बघा. त्या फोटोतला न लिहिलेला शब्द कोणता? ‘बघतो’? ‘भुलला’? ‘वळला’? ‘फसवतो’? ‘सोडून चाललाय’? शब्द ठरत नाही. पण अर्थ मात्र सगळ्यांना तत्काळ पोचतो आणि सगळे एकदम हसतात. म्हणजे प्रभाकर जिंकला, असं मला पहिल्यांदा वाटलं. आता वाटत नाही. हसण्यापुरता प्रभाकर पुरतो. पण ज्याचं नाव मध्ये लिहिलंय, त्याला उत्तर द्यायचं असेल तर शब्द लागतो. ‘तू फसवलंस’ असं कुणी म्हणालं तर ‘मी फसवलं नाही’ म्हणता येतं. नुसत्या अर्थाला नाकारायचं कसं? तुम्ही नाकारायला गेलात की लिहिणारा हात वर करून मोकळा: ‘मी कुठे काय म्हटलं? मी तर फक्त नावं लिहिली!’

हे मी वर्णन करतोय, कारण हे मी केलंय.

आमच्या विभागातल्या जुन्या मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. निवृत्त प्राध्यापक, काही विद्यार्थी जे पुढे शिक्षक झाले, काही जे न होता सुखी राहिले. त्यातला एक माझा विद्यार्थी. त्याचं नाव सांगत नाही, महाविद्यालयाचंही नाही. ‘दार’चं उदाहरण वर्गात कळलेला तो एकटाच मुलगा असेल. पुढे तत्त्वज्ञान शिकवायला लागला. काही वर्षांपूर्वी कळलं की त्याने ते सोडलं आणि एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये नीतिशास्त्राचा पेपर शिकवायला लागला. तिथे त्याचे फ्लेक्स लागले होते. कुणीतरी गटावर त्या फ्लेक्सचा फोटो टाकला. मला नातवाने आठवडाभर आधीच हे मीम कसं करायचं ते शिकवलं होतं, हातात नवं खेळणं होतं. मी मधल्या तरुणावर त्याचं नाव लिहिलं, डावीकडे ‘क्लास’, उजवीकडे ‘तत्त्वज्ञान’. पाठवून दिलं.

पाच मिनिटांत हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. माझ्या वयाचे लोक, ज्यांनी हयातीत माझ्या एकाही लेखावर अवाक्षर काढलं नाही, ते ‘वा सर!’ म्हणत होते. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

रात्री उशिरा त्याचा संदेश आला. गटावर नाही, मला एकट्याला. एकच ओळ: ‘सर, मी वळून बघितलं नव्हतं.’

मी ती ओळ दोनदा वाचली. त्याने क्लास नाकारला नव्हता, तत्त्वज्ञान सोडलं हेही नाकारलं नव्हतं. तिन्ही नावं त्याला मान्य होती. त्याने फक्त क्रियापद खोडलं होतं. मी न लिहिलेलं क्रियापद.

मग चौकशी केली, जी आधी करायला हवी होती. तो अकरा वर्षं तासिका तत्त्वावर होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: जितके तास घेतले तितक्यांचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. तत्त्वज्ञान हा विषय तासिका तत्त्वावर शिकवायचा, यातला विनोद कुणा कॅप्शनवाल्याला अजून कसा सुचला नाही कळत नाही. कायमचं पद रिकामं होतं, ते भरलं गेलं नाही. वर्गातली मुलं कमी होत गेली, एके वर्षी विषयच बंद झाला. जूनमध्ये त्याला फोन आला नाही, एवढंच. मग तो क्लासमध्ये गेला.

आता फोटो पुन्हा बघा. तो त्या फोटोत असेलच, तर मधल्या जागी नाही. तो उजवीकडे आहे. हात ज्याच्या हातात होता, त्याने मान वळवलेली आहे, आणि याचा चेहरा ‘हे खरंच होतंय का?’ असा झालेला आहे. मी मैत्रिणीवर बेइमानीचा आरोप ठेवला होता. आणि हे लिहिणारा मी कोण? कायम पदावरून निवृत्त झालेला, पेन्शन घेणारा, ज्याला तत्त्वज्ञानाने कधी सोडलं नाही, म्हणून ज्याला तत्त्वज्ञान सोडण्याचा प्रश्नच आला नाही असा गृहस्थ.

‘गंमत होती हो, एवढं काय मनावर घ्यायचं?’ असं गटावरचे एक ज्येष्ठ मित्र मला नंतर म्हणाले. मला ते पटत नाही. गंमत होती म्हणून ती तपासायची नाही, असं असेल तर आपण आज इथे बसलोय कशाला? माझी कॅप्शन कारागिरी म्हणूनसुद्धा कच्ची होती. चार संबंध मोजायचे म्हणालो ना मघाशी? मी एकच मोजला. ‘तत्त्वज्ञान’ हे उजवीकडचं लेबल ढोबळ, ‘अभ्यास’ इतकंच ढोबळ. त्या जागी नेमकं लिहायचं म्हटलं असतं, ‘तत्त्वज्ञानाची अनुदानित जागा’ असं काही, तर लिहितानाच हात थांबला असता. कारण ती जागा त्याच्याकडे दुखावून बघत नव्हती. ती जागा नव्हतीच.

या फोटोला एक फार जुनं भावंड आहे. जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराने 1760-61 च्या सुमारास डेव्हिड गॅरिक या नटाचं चित्र काढलं. गॅरिक मध्ये, एका बाजूला शोकांतिका, दुसऱ्या बाजूला सुखात्मिका, दोघी स्त्रीरूपात. हे मीम पसरल्यावर अनेकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली. रेनॉल्ड्सच्या मागेही परंपरा आहे. झेनोफोनने सांगितलेली प्रॉडिकसची कथा, तरुण हेराक्लीस दुफाट्यावर बसलेला, सद्‌गुण आणि दुर्गुण दोन स्त्रियांच्या रूपात त्याला आपापल्या वाटेने बोलावतायत. हेराक्लीसकडे वेळ आहे, दोघींची भाषणं तो ऐकून घेतो. गॅरिककडे वेळ नाही, सुखात्मिका त्याला ओढून नेतेच आहे. पण त्याचा चेहरा बघा कधी. तो शोकांतिकेला समजावतोय, ओशाळं हसत, ‘काय करू, मला नेतायत’ असा. खरं तर त्याला जायचंच आहे, पण निदान जिला सोडतोय तिच्याशी बोलतोय तरी. आपल्या 2015 च्या तरुणाकडे हेही नाही. त्याने तिच्याकडे एकदाही बघितलेलं नाही.

म्हणजे या फोटोच्या क्रियापदात काय मावत नाही, ते कळतं. नाइलाज मावत नाही. खंत मावत नाही. सोडावं लागणं मावत नाही, फक्त भुलणं मावतं. म्हणूनच मधल्या जागी ‘मी’ लिहिलं की कॅप्शन खुलते. ‘मी, पुस्तकांचं प्रदर्शन, घरातली न वाचलेली दोन कपाटं.’ स्वतःबद्दल भुललो म्हणायला साक्षीदार लागत नाही, तो कबुलीजबाब असतो. तिथे दुसऱ्याचं नाव टाकलं की त्याच्या मनात काय होतं याची ग्वाही आपण देतो. आणि ती ग्वाही खरी आहे का, हे आपण पाहिलेलं नसतं. फिल कॉलिन्सच्याही मनात काय होतं, देव जाणे. पण तो निदान जगप्रसिद्ध आहे, त्याला व्हॉट्सअ‍ॅप गटात आपल्या सरांना तोंड द्यायचं नाही.

स्वीडनमध्ये हा प्रश्न थेट निवाड्यापर्यंत गेला, तेही सांगून टाकतो. बानहोफ नावाच्या इंटरनेट कंपनीने 2018 मध्ये नोकरभरतीसाठी हेच मीम वापरलं. मध्ये ‘तुम्ही’, डावीकडे ‘बानहोफ’, उजवीकडे ‘तुमची सध्याची नोकरी’. तक्रारी झाल्या. तिथल्या जाहिरात लोकपालाने निकाल दिला की जाहिरात लिंगभेद करणारी आहे, बायका म्हणजे बदलायच्या वस्तू असं ती दाखवते. कंपनीचं म्हणणं पडलं की आम्ही फक्त एक प्रसंग दाखवला, आणि चुकलंच असेल तर जुनं झिजलेलं मीम वापरलं एवढंच चुकलं. विनोद म्हणून उत्तर चांगलं आहे. पण युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? ‘आम्ही तर फक्त नावं लिहिली.’ लोकपालाशी सगळ्या बाबतीत सहमत व्हायची गरज नाही. मीमच बंद करा असं मी तरी म्हणणार नाही. त्याने क्रियापद वाचलं, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं. तीन लेबलं वाचून तो थांबला नाही.

तर, मी त्या विद्यार्थ्याला उत्तर काय दिलं? दोन दिवस काहीच सुचलं नाही. ‘क्षमस्व’ लिहिलं, खोडलं. शेवटी गटावर लिहिलं की माझी कॅप्शन चुकीची होती, ती मी मागे घेतो, आणि का ते तासिका तत्त्वाच्या हिशेबासकट लिहिलं. त्याला हसरे चेहरे आले नाहीत. दोघा-तिघांनी हात जोडलेले पाठवले, बाकी शांतता.

त्यानंतर त्याने मला तोच फोटो पाठवला, पुन्हा मला एकट्याला. मध्ये ‘सर’. डावीकडे ‘टाळी’. उजवीकडे, चार ओळींत बसवलेलं: ‘वाक्यात न आलेलं क्रियापद कोणाचं ते आधी बघा, असं आम्हाला तीस वर्षं शिकवणारे सर’.

मी हसलो का? चांगला मोठ्याने हसलो, आतून बायको विचारायला आली. मग मी फोन लावला. त्याने उचलला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘सर, उजवीकडचं लेबल लांब झालं का?’

मी म्हटलं, ‘नाही रे, तिथे लांबच लागतं.’

बरं, प्रश्न घेऊ या.